मशरूमची पावडर आणि आयोडीनचे चार थेंब

गेले काही महिने मला शब्द सापडेनासे झालेत. म्हणजे हातात बाटली आहे, समोर झाकण दिसतंय आणि मी लेकीला सांगतेय, अगं ते दे ना, ते वरचं, ते गोल. ती देते, पण देताना चेहरा असा करते की आई आता गेलीच कामातून. मैत्रिणीला सहज बोलून गेले तर तिने पाच मिनिटांत तीन व्हिडिओ पाठवले, तिन्हीत एकच गोष्ट, लायन्स मेन. मेंदूचं मशरूम. नसा नव्याने वाढवतं, स्मरणशक्ती परत आणतं, झोप सुधारते, मूड सुधारतो, सगळं एकाच डब्यात.

मागवला डबा. हो, मागवला, हसू नका. आत फिकट बदामी रंगाची पावडर आणि एक प्लास्टिकचा चमचा. रोज सकाळी कॉफीत एक चमचा टाकायचा. चव अगदीच वाईट नव्हती, उलट थोडी गोडसरच, भाजलेल्या पिठासारखा वास. तेव्हा मला वाटलं वा, मशरूम असून किती छान लागतंय. (हा वास लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

तीन आठवड्यांत मला फरक जाणवायला लागला. डोकं हलकं, सकाळी उठल्यावर ते जे धुकं असतं ते कमी. मी मैत्रिणीला थँक्यू पण म्हणून टाकलं. आता याच तीन आठवड्यांत मी रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपायला लागले होते आणि ऑफिसातलं एक मोठं झंझट संपलं होतं, पण ते कोण मोजतंय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ झाली आणि श्रेय डब्याला गेलं.

मग आला लेकीचा शाळेचा प्रयोग. बटाट्याच्या फोडीवर पातळ केलेलं आयोडीन टाकायचं, निळं-काळं झालं की स्टार्च आहे. बटाटा झाला, साखर झाली, मीठ झालं, ड्रॉपर हातात असलेलं पोर काय गप्प बसतंय, ती म्हणाली, "आई, तुझी ती मेंदूची पावडर पण टेस्ट करूया?" मी म्हटलं कर. बशीत पावडर, त्यात चमचाभर कोमट पाणी, त्यावर चार थेंब. दोन सेकंद काही नाही. मग थेंबाच्या कडेने जांभळट रंग फुटला आणि मधे शाई सांडल्यासारखं गडद निळं-काळं झालं. लेक म्हणाली, "हे तर बटाट्यापेक्षा काळं आहे गं." घरात साधे पांढरे बटण मशरूम होते, त्यातलं एक कापून त्यावरही थेंब टाकला, तो तपकिरीचा तपकिरीच राहिला.

त्या रात्री मी झोपायच्या ऐवजी वाचत बसले. फोन परत उशाशी आला, हे वेगळं सांगायला नको.

तर झालं काय होतं ते सांगते. मशरूम हे झाड नाही, ती बुरशी आहे, आणि बुरशी स्टार्च साठवत नाही. स्टार्च साठवतात झाडं, म्हणजे बटाटा, तांदूळ, गहू वगैरे. बुरशी आपल्या शरीरासारखंच ग्लायकोजेन साठवते, त्याला आयोडीन लावलं तर फार तर तांबूस-तपकिरी रंग येतो, निळा-काळा नाही. (बुरशी ही झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे, हे मला त्या रात्रीच कळलं आणि तेव्हापासून मशरूम कापताना जरा विचित्रच वाटतं.) म्हणजे माझ्या डब्यात जे काळं झालं ते मशरूम नव्हतं. ते धान्य होतं. तो भाजलेल्या पिठाचा वास पिठाचाच होता!

ही फसवणूक म्हणावी की धंद्याची पद्धत, हे तुम्ही ठरवा. आपण जी छत्री बघतो ते त्या बुरशीचं फळ. खरी बुरशी म्हणजे पांढऱ्या तंतूंचं जाळं, मायसेलियम, ते लाकडात नाहीतर मातीत पसरलेलं असतं. छत्री उगवायला वेळ लागतो, जागा लागते, लायन्स मेनसारख्याला तर फारच नखरे लागतात. त्यापेक्षा सोपं काय, तर शिजवून निर्जंतुक केलेल्या धान्यात मायसेलियम सोडायचं, ते धान्यभर पसरलं की अख्खा गठ्ठा वाळवायचा आणि दळायचा. धान्य वेगळं काढता येत नाही, तंतू त्यात घट्ट रुतलेले असतात. आणि मग डब्यावर चित्र मात्र झुपकेदार छत्रीचं.

लेबलवर काय लिहिलं होतं बघितलं, तर "पॉलिसॅकराइड भरपूर" असं ठळक अक्षरात. बरोबरच आहे की! पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी, आणि स्टार्च हे पण पॉलिसॅकराइडच. म्हणजे पिठाच्या डब्यावरही तुम्ही हेच लिहू शकता आणि कोणी तुम्हाला खोटं ठरवू शकत नाही. बघायचा शब्द वेगळा आहे, बीटा ग्लुकान. तो वेगळा मोजून टक्क्यांत दिलेला असेल, शिवाय फळापासून बनवलंय की मायसेलियमपासून हे स्पष्ट लिहिलेलं असेल, तर पुढची चौकशी करण्यात अर्थ आहे.

आता आयोडीन टेस्टला पण डोक्यावर घेऊन नाचू नका. ती फक्त स्टार्च दाखवते. कोणी माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून केलेली भुकटी) मिसळलं असेल तर असा गडद रंग येईलच असं नाही, आणि रंग आला नाही म्हणजे माल उत्तम असंही नाही. पण बशीभर काळी शाई दिसल्यावर निदान एक प्रश्न तर सुटतो.

बीटा ग्लुकान का महत्त्वाचं, तर मशरूमच्या इम्युनिटीच्या गप्पा सगळ्या त्याच्यावर उभ्या आहेत. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिन आणि बीटा ग्लुकानची बनलेली असते. आपल्या शरीराला बुरशी म्हणजे घुसखोर, त्यामुळे आपल्या काही पांढऱ्या पेशींवर बीटा ग्लुकान ओळखायची खास कुलपं असतात, त्यातलं एक डेक्टिन-१, ते बीटा ग्लुकानसाठीच आहे हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. बीटा ग्लुकान त्यात अडकलं की पेशी सावध होते, कोणीतरी आलंय रे. म्हणजे मशरूम खाल्ल्यावर शरीर जे करतं ते साधारण चोर नसताना चोराची तालीम करण्यासारखं. इम्युनिटी बूस्ट वगैरे शब्द मला आवडत नाहीत, इम्युनिटी म्हणजे काही आवाजाचं बटण नाही की वाढवलं की चांगलं, ती वाढून बसली की स्वतःच्याच सांध्यांवर, थायरॉइडवर हल्ला करते. त्यामुळे ज्यांना ऑटोइम्यून आजार आहे किंवा अवयव बदलल्यावर इम्युनिटी दाबायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी या डब्यांपासून लांब राहिलेलं बरं, निदान आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तरी नकोच.

आणि यात एक गंमत आहे. बुरशीने माणसाला दिलेली सगळ्यात मोठी औषधं छत्रीवाली नव्हतीच. पेनिसिलिन, १९२८, फ्लेमिंगच्या बशीतली बुरशी, हे शाळेत असतं. पण कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या? अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने बुरशी तपासत तपासत पहिलं स्टॅटिन शोधलं, आणि पुढे बाजारात पहिलं आलेलं लोवास्टॅटिन (अमेरिकेत १९८७ ला मंजूर झालं) तेही एका बुरशीतूनच मिळालेलं. सायक्लोस्पोरिन, ज्याच्यामुळे दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीरात टिकायला लागलं, तेही मातीतल्या बुरशीचं, आणि त्याचं काम काय तर इम्युनिटी दाबणं! कॉर्डिसेप्सच्या (ही किड्यांवर वाढणारी बुरशी, तिच्याबद्दल पुढे) नात्यातल्या एका किडेखाऊ बुरशीत मिरिओसिन सापडलं, त्याच्यावरून फिंगोलिमोड नावाची गोळी बनली, ती मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारासाठी २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती पण इम्युनिटीला आवरच घालते. म्हणजे ज्या खानदानाच्या नावावर इम्युनिटी बूस्टर विकतात त्याच खानदानातून इम्युनिटी शांत करायची औषधं आली आहेत. बुरशी म्हणजे एक वस्तू नाही हो, प्रत्येकीची केमिस्ट्री वेगळी.

बरं, लायन्स मेनकडे परत येते, कारण माझे पैसे त्यात गेलेत.

हे म्हणजे पांढऱ्या दोऱ्यांचा लोंबता झुपका, छत्री वगैरे काही नाही. चिनी लोक त्याला माकडाच्या डोक्याचं मशरूम म्हणतात. त्यात हेरिसेनोन नावाची द्रव्यं सापडली ती जपानमध्ये १९९१ च्या सुमाराला, आणि मायसेलियममध्ये एरिनासिन. प्रयोगशाळेत ही द्रव्यं नसांच्या वाढीला लागणारं प्रथिन, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, जास्त तयार करायला लावतात. इथे मला माझ्या डब्याबद्दल थोडं नरम व्हावं लागलं, कारण एरिनासिन फळात नाही तर मायसेलियममध्येच असतं, म्हणजे मायसेलियम हा काही वाईट शब्द नाही. पण एरिनासिनवरच्या अभ्यासांत जे मायसेलियम वापरतात ते टाकीत पातळ द्रवात वाढवलेलं असतं, त्यात दळलेलं धान्य येत नाही.

माणसांवरचा जो अभ्यास सगळे व्हिडिओवाले सांगतात तो २००९ चा, जपानचा. ५० ते ८० वयाची ३० माणसं, सगळ्यांना विसरण्याचा सौम्य त्रास. निम्म्यांना लायन्स मेनच्या गोळ्या, निम्म्यांना खोट्या, १६ आठवडे. खऱ्या गोळीवाल्यांचे मार्क ८, १२ आणि १६ आठवड्यांना जास्त आले. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही, की गोळ्या बंद केल्यावर चारच आठवड्यांत ते मार्क परत घसरले. आणि डोस? रोज १२ गोळ्या, प्रत्येकी २५० मिलीग्रॅम, त्यात जवळजवळ सगळं मशरूमच, म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन ग्रॅम. माझ्या डब्यातला चमचा मी किचनच्या काट्यावर मोजला तर एक ग्रॅम भरला, त्यातला मोठा भाग पीठ. म्हणजे मी तीन आठवडे रोज काय घेत होते तर कॉफीतली चिमूटभर लापशी.

दुसरा एक २०२३ चा, इंग्लंडमधला, ४१ तरुण आणि निरोगी माणसांवरचा, दिवसाला १.८ ग्रॅम. एका डोसनंतर तासाभराने एका टेस्टमध्ये ती माणसं थोडी जास्त वेगाने उत्तरं द्यायला लागली, आणि २८ दिवसांनी ताण थोडा कमी झाल्याचा नुसता कल दिसला. बाकीच्या बऱ्याच टेस्टमध्ये काहीच नाही. हे असं असतं बघा, आशा आहे, पण ३० आणि ४१ माणसांच्या भरवशावर "अल्झायमर बरा होतो" म्हणणारे लोक पाहिले की माझं डोकं फिरतं. पी हळद अन् हो गोरी.

आता कॅन्सर. मशरूम आणि कॅन्सर हे शब्द एकत्र टाकून शोधलं की अशी अशी पानं उघडतात की वाचवत नाही, कारण ती वाचणारं माणूस कुठल्या अवस्थेत वाचत असेल याचा विचार येतो. "जपान सरकारने मशरूमला कॅन्सरचं औषध म्हणून मान्यता दिली आहे" हे वाक्य प्रत्येक ठिकाणी. वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. टर्की टेल नावाचं एक मशरूम असतं, पडक्या ओंडक्यावर पंख्यासारखे रंगीत पट्टे, त्यातून शुद्ध करून काढलेलं पीएसके, क्रेस्टिन या नावाने जपानमध्ये १९७७ ला मंजूर झालं. शिताकेमधून काढलेलं लेंटिनान १९८५ ला. पण लेंटिनान हे इंजेक्शन आहे, पोटाच्या कॅन्सरमध्ये केमोथेरपीच्या जोडीला द्यायचं. आणि पीएसके तोंडाने घ्यायचं असलं तरी तेही ऑपरेशन आणि केमो झाल्यावर, त्यांच्या सोबत. १९९४ चा एक मोठा जपानी अभ्यास आहे, पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले २६२ पेशंट, नुसत्या केमोवाल्यांपैकी ५ वर्षांनी ६० टक्के हयात, केमो आणि पीएसके दोन्ही मिळालेल्यांपैकी ७३ टक्के. हा आकडा लहान नाही, मी तो वाचून खुर्चीत सरळ बसले. पण नीट बघा, ज्यांना पीएसके मिळालं त्या प्रत्येकाचं ऑपरेशन झालेलं होतं आणि प्रत्येकाला केमो चालू होती. केमो सोडून पावडर घेतलेला एकही माणूस त्या ७३ टक्क्यांत नाही.

रेशी म्हणजे चीनचं लिंगझी, लाखेसारखं चकचकीत तांबडं, लाकडाइतकं टणक, दात लावायची सोय नाही. हजारो वर्षांचा मान आहे त्याला, अमरत्वाचं मशरूम म्हणतात. आमच्याकडे ते आलं आत्याच्या कृपेने. तिने बाबांना कॅप्सूलच्या दोन बाटल्या पाठवल्या, वर फोन, "दादा, रोज दोन घे, बीपी, शुगर, इम्युनिटी सगळं कंट्रोलमध्ये." बाबांना कोणी प्रेमाने दिलेली गोळी नाकारता येत नाही, त्यांनी चालू पण केल्या. मला कळलं ते पाच दिवसांनी, तेही त्यांच्या औषधांच्या डब्यात एक अनोळखी तांबडी कॅप्सूल दिसली म्हणून. बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून.

आणि रेशी रक्तातल्या प्लेटलेटच्या कामात थोडा अडथळा आणू शकतं. बीपी थोडं खाली आणू शकतं, साखर पण. एकेकटं बघितलं तर हे फायदेच वाटतात ना? पण ज्याला आधीच या तिन्हीच्या गोळ्या चालू आहेत त्याच्यासाठी हा तिसरा हात गाडीच्या स्टिअरिंगवर. बाबांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "आधी बंद करा, मग बोलू." पुढच्या भेटीत त्यांनी समजावून सांगितलं की कुठलंही ऑपरेशन, अगदी दात काढायचा असला तरी, असं काही घेत असाल तर आधी सांगायचं, लोक गोळ्यांची यादी देतात आणि हे "नॅचरल" म्हणून गाळतात. बाबांनी नेमकं तेच केलं असतं. आत्याला कसं सांगायचं हा प्रश्न बाबांनी सोडवला तो असा की तिला काही सांगितलंच नाही, बाटल्या कपाटात ठेवून दिल्या.

मग मी रेशीचे बीपी-शुगरचे दावे तपासायला बसले. कोक्रेन म्हणून जी संस्था सगळे अभ्यास एकत्र करून चाळते, त्यांनी २०१५ मध्ये बघितलं, पाच अभ्यास, मिळून ३९८ माणसं, बहुतेक टाइप टू डायबेटिसची, आणि निष्कर्ष असा की हृदयाचे धोके किंवा साखर कमी करायला रेशी वापरावं याला आधार मिळत नाही. कॅन्सरवर त्यांचाच दुसरा आढावा आहे, त्यात म्हटलंय की पहिला उपचार म्हणून रेशी वापरण्याइतका पुरावा नाही, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला विचार करता येईल. म्हणजे अमरत्व वगैरे सध्या होल्डवर.

पण रेशी कडू का असतं ते मला आवडलं. त्यात ट्रायटर्पिन असतात, गॅनोडेरिक ॲसिड वगैरे, ते पाण्यात नीट उतरत नाहीत, अल्कोहोल लागतं. उलट बीटा ग्लुकान अल्कोहोलमध्ये येत नाही, त्याला गरम पाण्यात बराच वेळ उकळावं लागतं, कारण ते कायटिनच्या जाळ्यात अडकलेलं असतं आणि आपल्या पोटाला कायटिन फारसं पचत नाही. म्हणून चांगल्या अर्काला दोन्ही करावं लागतं, त्याला ड्युअल एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. आत्याच्या कॅप्सूलमधली एक उघडून जिभेवर ठेवली तर कडू जहर लागली. म्हणजे माल खरा असावा! माझी मेंदूची पावडर गोड आणि खोटी, बाबांची कॅप्सूल कडू आणि खरी, आणि धोका कशात होता तर खऱ्यात.

कॉर्डिसेप्सबद्दल थोडक्यात. हिमालयात आणि तिबेटच्या पठारावर जमिनीत राहणाऱ्या एका पतंगाच्या अळीला ही बुरशी लागते, अळी आतून खाऊन टाकते आणि वसंतात तिच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. तिबेटी नावाचा अर्थच आहे उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात किडा. जगभर ती गाजली १९९३ मध्ये, चीनच्या धावपटू मुलींनी एकामागून एक विश्वविक्रम मोडले, वांग जुनशियाने १०,००० मीटर २९ मिनिटं ३१ सेकंदांत, तो विक्रम पुढे २०१६ पर्यंत टिकला. कोच मा जुनरेन म्हणाले रहस्य काय तर कॉर्डिसेप्स आणि कासवाचं रक्त. मग २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर त्यांच्या सहा मुलींना रक्ततपासणीनंतर टीममधून वगळलं गेलं. यावर मी काय बोलू. कॉर्डिसेप्सची स्टॅमिनाची जाहिरात बघितली की मला ते कासव आठवतं. आणि आज कॅप्सूलमध्ये जी मिळते ती बहुतेक कॉर्डिसेप्स मिलिटारिस, नारिंगी काड्यांची, अळीशिवाय वाढवलेली, ती वेगळी जात.

चागाची तर गोष्टच वेगळी. थंड प्रदेशात बर्चच्या झाडावर जळक्या कोळशासारखी गाठ येते, ती उकळून पितात, अँटिऑक्सिडंट म्हणून फार नाव. त्यात ऑक्झॅलेट, म्हणजे बऱ्याच मूतखड्यांत सापडतं ते द्रव्य, मात्र भरमसाट. जपानमधल्या एका ७२ वर्षांच्या बाईंची केस छापून आली आहे, लिव्हरच्या कॅन्सरसाठी रोज चार-पाच चमचे चागा पावडर, सहा महिने, आणि मूत्रपिंडं निकामी, आत ऑक्झॅलेटचे स्फटिक. ज्यांना मूतखड्याचा इतिहास आहे त्यांनी चागाचं नाव काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे, बाकीच्यांनीही चमच्यावर चमचे टाकू नयेत.

एवढं सगळं वाचून झाल्यावर तुम्ही म्हणाल मग खायचं काय. साधं मशरूम खा ना बाई. भाजीवाल्याकडचं बटण मशरूम, ऑयस्टर, शिताके, जे मिळेल ते. एर्गोथायोनीन नावाचं एक अँटिऑक्सिडंट आहे, आपलं शरीर ते बनवू शकत नाही पण त्याला पेशीत ओढून घ्यायला आपल्याकडे खास वाहक प्रथिन आहे, म्हणजे शरीराला ते हवंसं वाटतं हे उघड आहे, आणि खाण्यातून ते सगळ्यात जास्त मिळतं मशरूममधून. बीटा ग्लुकान आहेच. थोडं प्रोटीन, पोटॅशियम, बी ग्रुपची जीवनसत्त्वं.

फक्त शिजवून खा. कच्चं मशरूम सलाडमध्ये टाकायची फॅशन आहे ती मला पटत नाही, एकतर पचत नाही, आणि शिताकेची तर एक खास शिक्षा आहे, कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाल्लं की काही जणांच्या अंगावर दोन-तीन दिवसांत चाबकाने मारल्यासारखे लाल वळ उठतात. खरंच वळ, लांब लांब रेघा. कारण तेच लेंटिनान, पूर्ण शिजलं की सहसा त्रास होत नाही. आणि रानातलं, ओळखीचं वाटतं म्हणून उचललेलं तर अजिबात नको. डेथ कॅपमधलं विष शिजवूनही जात नाही आणि खाल्ल्यावर सहा-सात तास तर माणसाला काही होतही नाही, तोवर लिव्हरवर काम सुरू झालेलं असतं.

आणि आता माझा आवडता भाग, जो फुकट आहे. मशरूममध्ये एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या कातडीत जसा कोलेस्टेरॉलचा भाऊबंद असतो तसं, त्याच्यावर ऊन पडलं की व्हिटॅमिन डी २ तयार होतं. अंधाऱ्या शेडमध्ये वाढवलेल्या मशरूमला ऊनच मिळालेलं नसतं म्हणून त्यात डी नगण्य. पण कापून घरी आणल्यावरही ते उन्हात ठेवलं तर काम चालू होतं, ते मेलेलं असो की नसो. दुपारच्या चांगल्या उन्हात पाव तास ते तासभर, पातळ काप करून, नाहीतर अख्खं असेल तर खालची चुण्यांची बाजू वर करून, आणि १०० ग्रॅमला १० मायक्रोग्रॅमच्या वर डी मिळू शकतं, म्हणजे बऱ्याच देशांत मोठ्या माणसाला दिवसाला जेवढं सांगतात साधारण त्या आसपास. काचेच्या आडून नाही हं, काच त्यासाठी लागणारे उन्हातले किरण अडवते, खिडकी उघडी पाहिजे. डी २ हे डी ३ पेक्षा जरा कमी टिकतं म्हणतात, आणि ज्यांचं डी खरोखर तळाला गेलंय त्यांनी डॉक्टरची गोळीच घ्यावी, पण रोजच्यासाठी हे काय वाईट आहे.

तर सध्या आमच्याकडे रोज दुपारी खिडकीच्या कठड्यावर ताट असतं, त्यात मशरूम उताणी. परवा बाबा खोलीत आले, म्हणाले सगळी पालथी पडलीयत की गं, आणि एकेक नीट उभं करून, छत्री वर करून, ताट व्यवस्थित लावून गेले. मी आले तेव्हा ऊन सरकलेलं. लेकीला म्हटलं, अगं त्या ह्याची, त्या खालच्या बाजूची, काय म्हणतात त्याला...

"चुण्या," ती म्हणाली.

डबा अजून आहे घरात. लेकीने त्याच्यावर स्केचपेनने "पीठ" लिहून ठेवलंय.